वेबसाइटचा सातबारा कुणी बघायचा?

आईच्या मसाल्यांसाठी २०१६ मध्ये मी पहिलं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं, आणि फॉर्ममध्ये विचारलंय म्हणून घरचा पत्ता, मोबाइल नंबर, ईमेल सगळं खरं खरं भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, वेबसाइट बनवून देऊ का, लोगो करून देऊ का, आणि हे दोन आठवडे चाललं. मला वाटलं नंबर कुणीतरी विकला. पण विकायची गरजच नव्हती, तो उघड्यावरच होता, हूइज नावाच्या यादीत, जगातल्या कुणीही डोमेनचं नाव टाकावं आणि वाचावा असा.

ही यादी आली कुठून तर अर्पानेटमधून, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क, विद्यापीठं, लॅब आणि लष्करातली मंडळी त्यावर होती. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची टीम त्याची डिरेक्टरी सांभाळायची आणि १९८२ मध्ये हूइजचे नियम लिहिले गेले. नाव टाका, माहिती घ्या, झालं. कोण विचारतंय आणि कशाला, हे तपासायची सोयच त्यात नव्हती, तेव्हा लागतही नव्हती. पुढे डोमेन कुणालाही विकत मिळायला लागली, १९९८ मध्ये हा कारभार बघायला आयकॅन ही संस्था आली, पण यादी तशीच उघडी राहिली.

आपला सातबारासुद्धा उघडाच असतो, पण महाभूलेखवर तो बघायला गेलात तर आधी स्वतःचा मोबाइल नंबर टाकावा लागतो. हूइजमध्ये बघणाऱ्याला काहीच द्यावं लागत नव्हतं, आणि माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. स्वतःच्या नावाने डोमेन घेऊन लिहिणाऱ्या बाईचा घरचा पत्ता तिच्या मागावर असलेल्या माणसाला मिळायचा, तिला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

मग २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा, लागू झाला. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरता नियम काढला आणि डॉट कॉमसारख्या डोमेनवरची नावं, नंबर, ईमेल झाकायला परवानगी दिली, आणि युरोपियन गिऱ्हाईक कोण नि भारतीय कोण हे निवडत बसण्यापेक्षा अनेक रजिस्ट्रारनी, म्हणजे ज्यांच्याकडून आपण डोमेन घेतो त्यांनी, सगळ्यांचंच झाकून टाकलं. (डॉट इनचं वेगळं, तिथले नियम निक्सी ही आपली भारतातली संस्था ठरवते.) कायदा लागू झाला त्याच दिवशी आयकॅनने एका जर्मन रजिस्ट्रारला बॉनच्या कोर्टात खेचलं, कारण तो मालकाशिवायच्या दोन जास्तीच्या संपर्कांची माहिती आता गोळाच करणार नाही म्हणाला. कोर्टाने आयकॅनचं म्हणणं मानलं नाही, मालकाची माहिती पुरेशी आहे म्हणाले. मला हा निकाल फार पटतो, जी माहिती घेतलीच नाही ती फुटणारही नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बँकेच्या नावाची खोटी साइट पकडणारे लोक एका फसव्या डोमेनचा ईमेल घेऊन त्याच ईमेलने घेतलेली बाकीची पन्नास डोमेन शोधून काढायचे, तो धागाच तुटला. पोलिसांना दार ठोठवावं लागतं, आणि आजच्या नियमात साध्या विनंतीला उत्तर द्यायला रजिस्ट्रारला ३० दिवसांपर्यंत मुदत आहे. फसवी साइट काही तासांत लोकांचे पैसे काढून गायब होते हो!

मधल्या वाटेचे प्रयत्न झाले. अशा विनंत्यांसाठी एक मोठी केंद्रीय व्यवस्था सुचवली गेली, २०२२ मध्ये आयकॅननेच हिशोब मांडला तर नुसती उभारायला २ ते २.७ कोटी डॉलर. ते मागे पडलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आरडीआरएस नावाची हलकी सेवा आली, तुमची विनंती एका ठिकाणी भरा, ती रजिस्ट्रारकडे जाते, पण त्यात भाग घेणं रजिस्ट्रारच्या मर्जीवर आणि माहिती द्यायची का नाही हेही तोच ठरवणार. हूइजच्या जागी आरडीएपी नावाचं नवं तंत्र आलंय आणि जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमवाल्यांना जुनं हूइज चालवायची सक्ती राहिली नाही. आरडीएपीमध्ये विचारणाऱ्याची ओळख तपासून कुणाला किती दाखवायचं हे ठरवता येतं. म्हणजे तंत्र तयार आहे, अडलंय ते ओळख कुणी तपासायची आणि चुकलं तर जबाबदार कोण यावर.

माझं मत सरळ आहे. कंपनीचं डोमेन असेल तर कंपनीचं नाव उघडं ठेवा, माणसाचं असेल तर झाका, आणि जो मागतो त्याचं नाव, कारण, वेळ सगळं नोंदवून ठेवा. जिवाला धोका असेल तर उत्तर २४ तासांत मिळालंच पाहिजे, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालावी हे मला बघवत नाही. युरोपच्या एनआयएस२ या सायबरसुरक्षेच्या नियमात तर साध्या रीतसर विनंतीलाही ७२ तास आहेत, मग जमत नाही असं कसं म्हणायचं?

तोवर एक करा. संशयास्पद लिंक आली तर आयकॅनच्या लुकअप पानावर ते डोमेन टाका. मालकाचं नाव बहुतेक दिसणार नाही, पण डोमेन कधी घेतलंय ती तारीख, रजिस्ट्रार कोण आणि तक्रारीचा ईमेल हे अजून उघडं आहे. बँकेची म्हणून आलेली साइट चार दिवसांपूर्वी जन्मली असेल तर त्या ईमेलवर तक्रार टाका, फिशिंगचा, म्हणजे अशा खोट्या साइटने फसवण्याचा, ठोस पुरावा दिला तर एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारला त्यावर कारवाई करणं करारानेच बंधनकारक आहे.