रुग्णांसाठी धावताय की रिसर्चसाठी? आधी ठरवा, मग लिंक पाठवा

नोव्हेंबर उजाडला की मुंबई मॅरेथॉनच्या लिंका यायला लागतात. 'मित्रांनो, यंदा मी कॅन्सर रिसर्चसाठी धावतोय, तुमचं सहकार्य हवंय.' खाली जोडलेले हात, एक बूट, एक गुलाबी रिबन. लिंक उघडावी तर संस्था परगावच्या रुग्णांना राहायला खोली देणारी, नाहीतर केमोची बिलं भरणारी. काम सोन्यासारखं, प्रश्नच नाही. पण रिसर्च? त्या संस्थेत रिसर्चचं एक टेबलसुद्धा नाही आणि असल्याचा दावा तिने कधी केलेलाही नाही. तो केलाय धावणाऱ्याने, आपल्या मनानेच.

यात कोणी कोणाला फसवत नाही, मान्य. पण हा घोळ दरवर्षी तोच, आणि 'कॅन्सरसाठीच ना, मग झालं' हे उत्तरही तेच. झालं नाही. रुग्णाला मदत आणि कॅन्सरवरचं संशोधन ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचा पैसा वेगळ्या वाटेने जातो, वेगळ्या वेगाने फळतो आणि त्याचा हिशेबही वेगळा मागायचा असतो.

रुग्णमदत काय असते हे तुम्हाला माहीतच आहे. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवरून एकदा चाललं की कोणी समजावून सांगावं लागत नाही. सरकारच्या महात्मा फुले योजनेत उपचाराचा बराच खर्च निघतो, पण मुंबईतलं राहणं, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कशातच बसत नाही. म्हणून दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं. उपचारांच्या खर्चासाठी इंडियन कॅन्सर सोसायटी किंवा कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्था. तुम्ही दहा हजार दिलेत तर ते कोणाच्या तरी औषधाचे किंवा खोलीचे झाले, आणि बहुतेक त्याच वर्षी झाले. पुढे जाऊ.

घोटाळा होतो तो संशोधनापाशी. संशोधन म्हटलं की पांढरा कोट, मायक्रोस्कोप आणि एक दिवस पेपरात 'औषध सापडलं!' असं चित्र आपल्या डोक्यात असतं. तसलंही काम आपल्याकडे चालतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर वापरायची कार-टी उपचारपद्धती इथे उभी केली, तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण देणगीच्या संदर्भात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या जातीचं संशोधन. त्यात नवं औषध नसतंच.

१९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू झाला. सुमारे दीड लाख बायका. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ आपलं व्हिनेगरच, लावून पाहायचं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. निकाल जाहीर झाला २०१३ मध्ये: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पंधरा वर्षं! व्हिनेगरला!

दुसरं उदाहरण कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिडोकेन म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडी बधीर करायला देतात तेच. अकरा केंद्रं, सुमारे सोळाशे बायका, २०११ पासून दहा वर्षं. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. शंभरात जवळपास चार जणी, एका स्वस्त इंजेक्शनने.

आणि तिसरं, जे आपल्या तंबाखू-माव्याच्या महाराष्ट्राने भिंतीवर लिहून ठेवावं असं. निव्होलुमॅब हे औषध इतकं महाग आहे की टाटात येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनी त्याचं नावही घेऊ नये. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, नेहमीच्या डोसच्या जेमतेम दहाव्या हिश्शात काम भागेल का? डोक्या-मानेचा कॅन्सर पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णांना स्वस्त गोळ्यांच्या जोडीला हा छोटा डोस दिला. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर. हा निकाल २०२२ चा.

आता सांगा, आपलं औषध दहाव्या हिश्शात पुरतं का हे शोधायला कुठली कंपनी पैसे घालेल? व्हिनेगरवर कोण नफा कमावणार? कंपन्यांचा पैसा विक्रीच्या मागे जातो, त्यात नवल नाही. म्हणून असल्या प्रश्नांना सरकारचा पैसा लागतो, नाहीतर देणगीचा. 'रिसर्चला काय, औषध कंपन्या करतीलच की' असं म्हणणाऱ्याला मी ही तीन उदाहरणं ऐकवते आणि गप्प बसते.

हा पैसा खर्च कशावर होतो तेही बघा, कारण इथेच देणारा बिचकतो. यंत्रं असतात, पण मोठा खर्च माणसांचा. रुग्णाला अभ्यासाची माहिती तिच्या भाषेत समजावून संमती घेणारी नर्स. नमुने सांभाळणारे, आकडेवारी बसवणारे. आणि एक खास जागा असते पाठपुरावा करणाऱ्याची. ऑपरेशन होऊन पेशंट सोलापूरकडच्या गावी गेली. तीन वर्षांत नंबर बदलला, जावयाच्या फोनवर कोणी उचलत नाही. या माणसाने पत्ता काढत काढत शेवटी गावातल्या दुकानदाराला फोन लावायचा आणि विचारायचं, 'काकू बऱ्या आहेत ना? तपासणीला कुठे जातात?' अशा पुष्कळ काकू हातून निसटल्या तर अख्ख्या अभ्यासाचा आकडा लंगडा पडतो. तुमच्या देणगीतून त्याचा पगार आणि फोनचं बिल निघालं, तर तो 'ऑफिसचा खर्च' नाही. तेच संशोधन आहे.

रुग्णमदत म्हणजे दुष्काळी गावात आलेला टँकर: आला, भांडी भरली, दिसलं. संशोधन म्हणजे बोअर मारणं, आणि बोअर कोरडीही जाते. हा कोरड्या बोअरचा मुद्दा पचायला सगळ्यात जड. चांगला केलेला अभ्यास 'या उपचाराने काही फरक पडत नाही' असंही सांगतो. देणाऱ्याला वाटतं पैसे पाण्यात. उलट आहे. ते कळलं म्हणून पुढच्या हजारो रुग्णांना निरुपयोगी औषध आणि त्याचे त्रास सोसावे लागत नाहीत. पण हे तुम्ही पैसे मागताना सांगितलंच नसेल, तर चार वर्षांनी मावशी विचारणार, 'अरे, ते माझ्या पाच हजारांचं काय झालं?', आणि तुमच्याकडे दाखवायला ना फोटो, ना बरं झालेलं पोर.

मग 'कॅन्सर रिसर्चसाठी धावतोय' हा शब्दप्रयोग आला कुठून? बाहेरून. टेरी फॉक्स नावाच्या कॅनेडियन मुलाचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे गुडघ्याच्या वर कापला. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पाय लावून न्यूफाउंडलंडहून निघाला आणि रोज जवळपास एक मॅरेथॉन असं १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर. कॅन्सर फुफ्फुसात पोचला म्हणून थंडर बेजवळ थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला. त्याने पैसे मागितले ते स्पष्टपणे संशोधनासाठी, प्रत्येक कॅनेडियनमागे एक डॉलर. ते त्याला शोभतं, कारण तिथे हॉस्पिटलचं बिल सरकार भरतं. लंडनला असलेल्या तुमच्या भाच्याचंही तेच. उपचार एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, करणार, म्हणून तो बिनधास्त कॅन्सर रिसर्च यूकेसाठी धावतो. (तिथेही १९११ पासूनची मॅकमिलन ही संस्था रुग्णांच्या आधाराचं काम करते आणि तिथले लोकही दोन्हींची सरमिसळ करतात, तेव्हा फार लाजायला नको.) आपल्याकडे रुग्णाचं घर खिशातून खर्च करतं, म्हणून आपल्या बहुतेक कॅन्सर संस्था मदतीच्या कामाला लागल्या. काम इथलं आणि घोषणा तिथली, असं झालंय.

त्यात भर पाट्यांची. तालुक्याच्या वीस खाटांच्या दवाखान्यावरही 'हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर' लिहिलेलं असतं. पाटीवर जाऊ नका. संस्थेला विचारा, कोणता अभ्यास चालू आहे, निकाल कुठे छापला, अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कोणती. अभ्यास खरंच चालू असेल तर उत्तर पाच मिनिटांत येतं. जी संस्था फक्त मदत करते ती तसं सरळ सांगते, तिच्याबद्दल आदरच वाटतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. रेसची नोंदणी फी म्हणजे देणगी नव्हे. चॅरिटी बिबसाठी (संस्थेमार्फत मिळणाऱ्या रेसच्या नंबरासाठी) संस्थेला दिलेली रक्कम देणगी. कराचं म्हणाल तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात साध्या धर्मादाय देणगीला कलम ८०जी, बहुधा निम्मी वजावट; मान्यता असलेल्या वैज्ञानिक संशोधनाला ८०जीजीए, पूर्ण वजावट. नव्या करप्रणालीत दोन्ही नाहीत, आणि नव्या कायद्यात कलमांचे आकडेही बदललेत, तेव्हा सीएला विचारा. 'अवेअरनेस रन' हा तिसरा प्रकार. त्यात पैसा टी-शर्ट, मेडल आणि डीजेत जातो. सकाळी सहाला सोसायटीसमोर डीजे लावून कसली जागृती होते ते मला अजून उमगलेलं नाही.

ट्रेनिंगबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? रविवारचा लाँग रन हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचा, शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे सराव कमी करत आणायचा, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आहे हे विसरायचं नाही. माझी तक्रार वेगळी. जो माणूस एकही लाँग रन चुकवत नाही, तो लिंक मात्र रेसच्या आधल्या गुरुवारी पाठवतो. १९८८ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनला रक्ताच्या कॅन्सरसाठी अडतीस जणांचा एक गट उतरला, त्यांनी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले आणि त्यातून 'टीम इन ट्रेनिंग' उभं राहिलं. तिथे सराव आणि पैसे मागणं पहिल्यापासून बरोबरीने चालतं. रुग्णमदतीची लिंक उशिरा पाठवली तरी निभावतं, फोटो बघून लोक देतात. संशोधनाचं तसं नाही, ते समजवावं लागतं. ऑगस्टपासून सुरुवात करा, दर महिन्याला एक गोष्ट सांगा. व्हिनेगरची सांगा, लोक ऐकतात.

मला विचाराल तर पहिल्यांदाच धावणाऱ्याने रुग्णमदतीसाठी पैसे जमवावेत. त्याचे देणारे बहुधा घरचेच, एकदाच देणारे. त्यांना पोचपावती लवकर मिळालेली बरी. ज्याच्या मागे दरवर्षी न चुकता देणारे वीस-पंचवीस लोक आहेत, त्याने मात्र संशोधनाकडे वळावं. अभ्यास दहा-दहा वर्षं चालतात, त्यांना एकदाच आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी येणारी लहान रक्कम उपयोगाची. टाटा मेमोरियलला देणगी देताना ती गरजू रुग्णांसाठी की संशोधनासाठी, हे सांगता येतं. सांगा. रकाना कोरा सोडू नका.

आणि मेसेज लिहिताना खरं ते लिहा. रुग्णमदतीसाठी: 'टाटात उपचाराला आलेल्या मुलांच्या राहण्यासाठी पैसे जमवतेय. मार्चमध्ये हिशेब पाठवीन.' रिसर्चसाठी असेल तर: 'एका अभ्यासासाठी पैसे हवेत. निकाल यायला सात-आठ वर्षं लागतील, तो उलटाही येईल. पुढच्या जानेवारीत मी पुन्हा मागणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.'