कांदळवन योजनेत गाव बसवायचंय? पात्रता, ठराव, कागदपत्रं आणि अर्ज, सगळं एका ठिकाणी

खाडीकाठच्या गावांतून एकच प्रश्न सारखा येतो, की कांदळवन, म्हणजे खाडीतलं खारफुटीचं जंगल, राखायला आणि त्यावर चार पैसे कमवायला सरकार मदत देतं म्हणे, तर फॉर्म कुठे मिळतो? कुठे जायचं आणि काय द्यायचं ते सांगतेच, पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, या योजनेत पहिल्यांदा गाव येतं, मग समिती, मग गट आणि मग एकेकटा माणूस. हा क्रम माहीत नसल्यामुळे बरेच जण आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेऊन थेट ऑफिसात जातात आणि हात हलवत परत येतात. जायचा यायचा खर्च होतो, दिवसाची मजुरी बुडते, वर योजना काही खरी नाही म्हणून गावभर होतं ते वेगळंच.

योजनेचं नाव कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना. शासन निर्णय सप्टेंबर २०१७ चा, महसूल व वन विभागाचा. राबवतो वन विभागाचा कांदळवन कक्ष, जो २०१२ मध्ये झाला, आणि त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान. किनारपट्टीच्या जिल्ह्यांतली, म्हणजे पालघर-ठाण्यापासून खाली सिंधुदुर्गापर्यंतची, ज्यांच्या हद्दीत कांदळवन आहे अशी गावं यात येऊ शकतात. हिशोब सरळ आहे, गावाने तिवर-चिप्पी-कांदळ ही खारफुटीची झाडं राखायची, जिथे उजाड झालंय तिथे परत उभं करायचं, आणि त्याच खाडीवर चालेल असा जोडधंदा करायला सरकार खर्चाचा मोठा वाटा उचलणार.

वाटा किती? गटाने मिळून केलेल्या कामाला ९० टक्के सरकारचे आणि १० टक्के गटाचे, एकट्याने घेतलं तर ७५ टक्के सरकारचे आणि २५ टक्के आपले. समजा २ लाखांचा प्रकल्प आहे, तर गटाला २० हजार उभे करावे लागतील आणि तोच प्रकल्प एकट्याने घेतला तर ५० हजार. माझं स्पष्ट मत आहे की गटानेच करा, पैशासाठी तर कराच, पण खाडीतलं काम भरती-ओहोटीच्या वेळेवर चालतं, रात्री-अपरात्री जावं लागतं, राखण ठेवावी लागते, एकट्याचं ते काम नाही.

यात कामं कुठली बसतात तर खेकडापालन, कालवं आणि शिंपल्यांचं पालन, पिंजऱ्यातले जिताड्यासारखे मासे, शोभिवंत मासे, सुधारित भातलागवड आणि कांदळवन सफारी. सफारीचं उदाहरण बघायचं तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जा, तिथे महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात. कालवांचं काम तर बघण्यासारखं असतं, बांबूची मांडव घातल्यासारखी चौकट खाडीत उभी करायची, रिकाम्या कालवांच्या शिंपल्यांना भोक पाडून त्या दोरीत ओवायच्या आणि पाण्यात सोडायच्या, मग पाण्यातलं बारीक बीज आपणहून त्या शिंपल्यांना येऊन चिकटतं आणि तिथेच वाढतं. खाद्य टाकावं लागत नाही, फक्त पाणी स्वच्छ आणि वाहतं पाहिजे. म्हणूनच ज्या खाडीत कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी उतरतं तिथे कालवं मागू नका, दुसरं काहीतरी निवडा.

आता ठराव. सगळं घोडं इथेच अडतं. ग्रामसभेत योजनेत सहभागी होण्याचा आणि कांदळवन सह-व्यवस्थापन समिती करण्याचा ठराव लागतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यात जे कमी असेल ते, आणि हजेरीवर सह्या नीट घ्या, कारण पुढे कोणी हरकत घेतली की पहिल्यांदा तेच रजिस्टर उघडलं जातं. ठराव मोघम लिहू नका. "गावात योजना राबवावी" एवढ्यावर भागत नाही, कुठली खाडी, कुठला सर्व्हे नंबर, अंदाजे किती क्षेत्र, समितीत कोण कोण, हे सगळं त्यात यायला हवं. आणि समितीत नुसती पुढाऱ्यांची नावं भरू नका हो, कोळी, गाबीत, भोई, कालवं काढणाऱ्या बायका, कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडणारी पोरं, ज्यांचं पोट खाडीवर आहे ती माणसं त्यात असू द्या, नाहीतर कागदावर समिती राहते आणि खाडीत कोणी उतरत नाही.

ठराव झाला की तो पत्रासोबत तुमच्या भागाच्या कांदळवन वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. मग तिथली माणसं गावात येऊन पाहणी करतात, आणि गावाबरोबर बसून सूक्ष्म आराखडा केला जातो, म्हणजे गावात कांदळवन कुठे किती, कुठे तुटलंय, कुठला धंदा चालेल, कोणाचा गट तयार आहे. या बैठकीला जाणकार म्हातारी माणसं आवर्जून न्या. पूर्वी पाणी कुठून आत यायचं हे नकाशावर दिसत नाही, ते त्यांनाच माहीत असतं.

आणि हे फार महत्त्वाचं आहे. उजाड जागा दिसली की सगळ्यांना रोपं लावायची घाई होते, पण बऱ्याच ठिकाणी मूळ दुखणं पाण्याचं असतं. रस्ता झाला, खाली एकच पाइप टाकला, तो गाळाने बुजला, मग रस्त्याच्या अलीकडे तिवरं हिरवीगार आणि पलीकडे पानं पिवळी, जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. अशा जागी हजार रोपं लावा, मरणारच. आधी रस्त्याखालची ही मोरी मोकळी करा, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू द्या, आसपास जुनी झाडं असतील तर बी वाहत येऊन आपसूक रुजतं. म्हणून मोरीचं काम आराखड्यात लिहून घ्या, ग्रामपंचायत विकास आराखड्यातही टाका, आणि खारं पाणी अडवणारा बांध खारभूमी विभागाचा असेल तर त्यांना वेगळं पत्र द्या. पक्षी चरतात त्या उघड्या चिखलाच्या सपाट पट्ट्यांवर मात्र रोपं लावू नका, ती जागा रिकामी दिसते पण रिकामी नसते.

कागदपत्रं. गावाकडून ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, समितीची यादी, जागेचा सातबारा आणि नकाशा. गटाकडून नोंदणीचा कागद, सभासदांची यादी, गटाचा अर्ज करण्याचा ठराव, गटाच्या नावाचं बँक पासबुक. प्रत्येक लाभार्थ्याचं आधार, रहिवासाचा पुरावा, पासबुक, फोटो. जागा खाजगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र, आणि सातबाऱ्यावर पाच-सहा नावं असतील तर सगळ्यांचं, कारण मुंबईला असलेल्या एका चुलत भावाची सही नाही म्हणून काम थांबलेलं मी पाहिलंय. त्या भागात मच्छीमार सोसायटी असेल तर तिचंही ना हरकत पत्र जोडून ठेवा, कोणी मागो न मागो, पुढची भांडणं वाचतात. सफारीसाठी होडी असेल तर सागरी मंडळाचा परवाना आणि लाइफ जॅकेट याची तयारी आधीच करा. आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, माहेरचं-सासरचं नाव यात बायकांचे पैसे अडकतात.

खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी अडवायला बांध घालून राखलेल्या शेतीचा, विषय वेगळा सांगते कारण रायगडात तो घरोघरी आहे. बाहेरचा बांध फुटला, शेतात खारं पाणी आलं, दहा-पंधरा वर्षांत तिथे तिवरं वाढली, सातबारा अजून शेतकऱ्याच्या नावावर. अशा माणसाला राग येणं साहजिक आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन सरकारी असो की खाजगी, तोडता येत नाही आणि भोवतीच्या ५० मीटरात बांधकामही नाही. तेव्हा तलाव खणायला किंवा भराव टाकायला म्हणून तिवरं काढली तर योजना राहिली बाजूला, गुन्हा दाखल होईल. खेकड्यांसाठी झाडं न तोडता जाळीचं कुंपण घालून काम करता येतं, अर्जात तेच लिहा.

वेळेचं म्हणाल तर ग्रामसभा दिवाळीच्या आसपास उरकून घ्या. कांदळाच्या लांब शेंगा पावसाळ्यात गळतात आणि लागवडही तेव्हाच धरते, त्यामुळे पाहणी, आराखडा, मंजुरी हे सगळं मे महिन्याच्या आत झालं तर ते वर्ष हाती लागतं. पत्र देऊन महिना झाला आणि उत्तर नाही आलं, तर पोच घेतलेली प्रत घेऊन दोघं-तिघं मिळून परत जा आणि पाहणीची तारीख लेखी मागून घ्या.