बसला रस्ता सांगणारी मुक्त सॉफ्टवेअर: पार्श्वभूमी

प्रवाशाला बस सुचवणं वेगळं आणि बसला रस्ता सुचवणं वेगळं. पहिल्या कामाचा इतिहास अमेरिकेतल्या पोर्टलंडमधून जातो. तिथल्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने २००५ साली गूगलसोबत वेळापत्रकाचा एक नमुना ठरवला, तोच आजचा जीटीएफएस, म्हणजे बस-रेल्वेची वेळापत्रकं फाइलमध्ये मांडायची सामायिक पद्धत. २००९ मध्ये त्याच शहरातून प्रवाशाला प्रवास आखून देणारं ओपनट्रिपप्लॅनर हे सॉफ्टवेअर सुरू झालं. जीटीएफएसमध्ये थांबे आणि वेळा हव्याच. बस नेमकी कुठल्या रस्त्याने जाते हे मात्र दिलं तरी चालतं, न दिलं तरी चालतं.

दुसरं काम कारच्या मागून आलं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा २००४ साली सुरू झाला. २००८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी रस्त्यांच्या जाळ्यात आधीच 'शॉर्टकट' आखून ठेवायची पद्धत मांडली आणि त्यावर तिथेच ओएसआरएम हे मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. देशभरातला मार्ग काही मिलिसेकंदांत निघू लागला. मेख एवढीच, की हे शॉर्टकट एका ठरावीक वाहनाचा हिशोब धरून आखलेले असतात. ओएसआरएमसोबत कार, सायकल आणि पायी अशा तीन प्रोफाइल, म्हणजे त्या-त्या वाहनाचे नियम सांगणाऱ्या फाइली, मिळतात. बसची आपली आपण लिहायची.

ती लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली साधी फाइल असते. त्यात रस्त्यावर कुणाला परवानगी आहे हे तपासायचा क्रम बदलावा लागतो: आधी 'बस', मग 'पीएसव्ही' म्हणजे सार्वजनिक सेवेची वाहनं, त्यानंतर बाकीची मोटारवाहनं. 'वळण बंद, बस वगळून' अशा पाट्यांची सूटही जोडावी लागते. पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनची व्यवस्था, आली. तशी राखीव लेन कारच्या प्रोफाइलला बंदच दिसते, आणि बसलाही ही प्रोफाइल बाहेरच्या गर्दीत ढकलते.

शिवाय प्रोफाइलमध्ये बारीकसा बदल केला तरी सगळ्या नकाशाचे शॉर्टकट पुन्हा आखावे लागत. पुढे ओएसआरएमने रस्त्यांची रचना आणि त्यांचं 'वजन' (त्यावरून जायला किती वेळ लागतो याचा आकडा) वेगळं ठेवणारी पद्धत घेतली, तेव्हा हा त्रास कमी झाला. मॅपझेन या नकाशा कंपनीच्या वल्हाला या मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली: वाहनाचा हिशोब मार्ग विचारल्यावरच करायचा. त्यामुळे तिथे बस हा पर्याय कार-ट्रकच्या शेजारी तयारच मिळतो. मॅपझेन २०१८ च्या जानेवारीत बंद पडली, पण कोड मुक्त असल्याने वल्हाला टिकलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून फेडल हे सॉफ्टवेअर आलं. ते उलट दिशेने जातं: वेळापत्रकातले थांबे घेतं आणि त्यांच्यामधून बस कुठल्या रस्त्याने जात असेल ते शोधून जीटीएफएसमधली मोकळी जागा भरतं. वळणबंदी पाळतं, आणि नकाशात त्या मार्गाचा क्रमांक नोंदलेला असेल तर त्या रस्त्याला झुकतं माप देतं.