व्हिंटेज गाडी स्पर्धेत उतरवायची आहे? पात्रता, नोंदणी, कागदपत्रं आणि परीक्षणाची तयारी

स्पर्धेचा विचार डोक्यात आला की बहुतेक मालक आधी पेंटर गाठतात. सुरुवात चासी नंबरपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकापासून करायला हवी. बॅटरीच्या उजेडात तो नंबर वाचा आणि आरसी बुकातल्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित आरसीत १ आणि आय, ० आणि ओ, ८ आणि बी यांची गल्लत होणं नवं नाही. अशी एका अक्षराची तफावत आरटीओत अर्ज अडवते आणि स्पर्धेच्या मैदानात परीक्षकांच्या मनात शंका पेरते.

व्हिंटेज कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीला देशभर एकच चौकट मिळाली. त्यानुसार वैयक्तिक वापराची दुचाकी किंवा चारचाकी असावी, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा अधिक काळ झालेला असावा आणि गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी (सांगाडा), बॉडीशेल (गाडीचा पत्र्याचा साचा) किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला चालत नाही.

आपल्याकडच्या अनेक गाड्या या शेवटच्या अटीवर अडतात. पेट्रोल परवडेना म्हणून मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेल्या जीप आणि अॅम्बॅसेडर आजही दिसतात. आरसीवर त्या इंजिनाची रीतसर नोंद असली, तरी गाडी मूळ स्वरूपात आहे असं म्हणता येत नाही. अशा गाडीसाठी आधी त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं इंजिन शोधा, त्याची खरेदी पावती जपून ठेवा, इंजिन बदलाची आरसीवर नोंद करून घ्या आणि मगच अर्ज करा. गंजलेल्या फ्लोअरला त्याच आकाराचा पत्रा लावणं ही दुरुस्ती आहे. छप्पर कापून गाडी उघडी करणं हा फेरबदल आहे. दुरुस्ती केली असेल तर आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो फाइलमध्ये ठेवा.

अर्ज आणि शुल्क

अर्ज नमुना २० मध्ये करायचा. त्यासोबत:

- चालू विमा पॉलिसी
- गाडी भारतात आधीच नोंदलेली असेल तर जुनं आरसी
- आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद)
- नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो तयार ठेवा. तपासणीच्या वेळी त्यासाठी पुन्हा फेरी पडायला नको. नोंदणी प्राधिकाऱ्याने ६० दिवसांत नमुना २३ए मधलं प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि त्याची मुदत १० वर्षं असते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. तो जरूर ठेवा, कारण जुना क्रमांक हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. नव्याने नोंदलेल्या गाडीला राज्याचा कोड, मग 'व्हीए', दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला अंक मिळतो.

सही करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी ती बाहेर काढता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं असेल, तर नेहमीच्या नोंदणीचं नमुना २५ भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहणं अधिक सोयीचं. व्हिंटेज नोंदणीची गाडी विकली, तर विकणारा आणि घेणारा या दोघांनीही ९० दिवसांच्या आत आपापल्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं.

कागद हरवले असतील तर

आरसी गहाळ असेल तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग नमुना २६ भरून दुय्यम प्रत मिळवा. गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर वारसा हक्काने हस्तांतरणासाठी नमुना ३१ लागतो, सोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती. खरेदी केलेल्या गाडीसाठी नमुना २९ आणि ३०, गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकतीसाठी नमुना २८. मालकी आपल्या नावावर आल्याशिवाय व्हिंटेजचा अर्ज करू नका.

चासी नंबर रंगाच्या किंवा अंडरकोटच्या (गंजरोधक लेपाच्या) थराखाली दबला असेल तर पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रश वापरा. ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, खरखरीत पॉलिश पेपर यांनी अक्षरांच्या कडा जातात आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत. अक्षर पुसट असलं तरी स्वतः पंच मारू नका. लेखी परवानगीशिवाय मारलेला पंच नंबरात केलेला फेरफार समजला जातो.

विम्याबाबत एवढंच: ५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. मूल्यांकन अहवाल हातात नसेल तर ही रक्कम फारच कमी धरली जाते.

स्पर्धेचा प्रवेश अर्ज

इथे 'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थ बदलतो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक मानते, पण तिच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. १९३१ ते १९४५ पोस्ट-व्हिंटेज, १९४६ ते १९६० पोस्ट-वॉर. म्हणजे १९७२ ची फियाट आरटीओसाठी व्हिंटेज ठरते, फिवाच्या मोजणीत ती कितीतरी पुढच्या वर्गात जाते. प्रत्येक स्पर्धेचे वर्ग वेगळे असू शकतात, त्यामुळे नियमावलीतली वर्षं वाचूनच रकाना भरा. फिवाचं ओळखपत्र असेल तर जोडा. ते जास्तीत जास्त १० वर्षं चालतं आणि मालक बदलला की नवं काढावं लागतं. मात्र ते आरसीच्या जागी चालत नाही.

जतन केलेली गाडी आणि पुनर्बांधणी केलेली गाडी हे दोन वेगळे वर्ग असतील तर खरा वर्ग लिहा. मूळ रंग, मूळ सीट असलेल्या गाडीला नवा रंग मारून पुनर्बांधणीच्या वर्गात ढकलणं हे मोठं नुकसान आहे. गाडी एकदाच मूळ असते.

अर्जासोबत इतिहासाची फाइल द्या: जुनी बिलं, मूळ मालकाचे फोटो, कंपनीचं पार्ट्स कॅटलॉग, रंगाचा कोड.

परीक्षक गुण कुठे कापतात

अतिचमक हा पहिला दोष. कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली त्याहून जास्त झळाळी आणली की गुण वाढतात, हा गैरसमज आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाडीवर निकेल हवं, कारण क्रोम गाड्यांवर सर्रास आलं ते त्या दशकाच्या अखेरीस. निकेलची झाक पिवळसर असते, क्रोमची निळसर. सरावलेल्या नजरेला हा फरक दुरूनही कळतो. कापडी वेष्टणाच्या वायरिंगच्या जागी पीव्हीसी वायर, प्लास्टिकचे केबल टाय, जुन्या बांधणीच्या क्रॉसप्लाय टायरच्या जागी आधुनिक रेडियल टायर, सपाट खाचेच्या स्क्रूऐवजी फुलीचे स्क्रू: परीक्षकांना पहिल्या मिनिटात हे सगळं दिसतं.

सेल्युलोज रंग (जुन्या गाड्यांवरचा लॅकर रंग) पॉलिश करताना पॅडवर रंग येणारच, त्याने घाबरू नका. पण कडा आणि बॉडी लाइनवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे मशीन न लावता हातानेच काम करा. टायरला चकचकीत ड्रेसिंग आणि जुन्या चामड्याला सिलिकॉन लावू नका. इंजिनावर प्रेशर वॉशर मारला की डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमोत पाणी शिरतं, आणि परीक्षकांसमोर नेमकी त्याच वेळी गाडी सुरू होत नाही. ब्रश, थोडं डीग्रीझर आणि कापड पुरेसं आहे.

ई२० पेट्रोलमधलं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं) इथेनॉल जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ करतं. इथेनॉल सहन करणारे होज बसवा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचं फ्लोट बाऊल (पेट्रोल साठणारी छोटी वाटी) रिकामं करून ठेवा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात किमान २० किलोमीटर गाडी चालवून इंजिन पूर्ण तापवा, थांबवा आणि १० मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम इंजिन सुरू न होण्याचा दोष गॅरेजमध्ये थंड गाडीवर कधीच सापडत नाही.

हॉर्न, सगळे दिवे, वायपर, काचा, डिकीचं कुलूप, जॅक आणि हत्यारांची पिशवी शेवटच्या दिवशी पुन्हा तपासा. मूळ आरसी, विमा, प्रवेशपत्र आणि इतिहासाची फाइल ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा. परीक्षक चासी नंबर विचारतील तेव्हा तो नेमका कुठे आहे हे मालकाला न वाकता सांगता आलं पाहिजे. फोक्सवॅगन बीटलमध्ये, उदाहरणार्थ, तो मागच्या सीटखाली मधल्या टनेलवर असतो.