"आजचं वचन" कुठून आलं? वचन, अभिवचन आणि नवस

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमधली भक्ती संपली की ताटलीतून बायबलमधलं एक वचन छापलेली चिठ्ठी उचलायची, स्वतःची वाचून झाली की शेजारच्याची डोकावून बघायची, आणि मग ती वर्षभर बायबलमध्ये नाहीतर फ्रिजवर. हे आपल्याकडे इतकं रुळलंय की प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या काळापासून चालत आलंय असं वाटावं. तसं नाहीये. देवाच्या वचनांवर भरवसा ही गोष्ट जुनीच, पण वचन सुटं करून, कापून, वाटून घ्यायची पद्धत जेमतेम तीनशे वर्षांची.

आधी शब्दाचाच घोळ सांगतो, कारण माझ्या मते अर्धी गडबड तिथेच आहे. मराठीत वचन म्हणजे दिलेला शब्द, आणि ख्रिस्ती घरात वचन म्हणजे बायबलमधली कुठलीही ओळ. संडे स्कूलला सुवर्णवचन पाठ करतो ते वचनच, आणि देवाने अब्राहामाला दिलं तेही वचनच. जुनी माणसं अजून "तिसरा अध्याय, सोळावी ओवी" म्हणतात, ते बरं होतं, ओवी म्हटली की ओवी, तिच्यात कोणी कोणाचं देणं लागत नाही. आता बोलण्यात ओवी मागे पडली, वचन पुढे आलं, आणि हळूहळू प्रत्येक ओळ म्हणजे देवाने आपल्याला लिहून दिलेलं काहीतरी असं वाटायला लागलं. "आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल" या अर्थाची बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातली ओळ दुकानाच्या उद्घाटनाला हमखास असते. ती देव बोललेलाच नाही, ईयोबाचा मित्र बिल्दद बोललाय, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याला आणि त्याच्या दोस्तांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. पण चिठ्ठीवर "वचन" म्हणून छापलं की संपलं.

गंमत म्हणजे दोष एकट्या मराठीचा नाही. हिब्रूत "प्रॉमिस" असा वेगळा शब्दच नाही, तिथे दाबार म्हणजे शब्द, बोलणं, गोष्ट सगळंच, देव बोलला म्हणजे ते होणार एवढंच. त्या अर्थी आपलं वचन हिब्रूच्या जास्त जवळ जातं. कोकणीतही तसंच, देवाचें उतर म्हणजे शास्त्र आणि उतर दिवप म्हणजे शब्द देणं. वेगळा शब्द येतो तो ग्रीकमध्ये, एपांगेलिया, आणि त्यासाठी मराठी भाषांतरकारांनी अभिवचन घेतलं. रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रांत ते ठसठशीत दिसतं, पण सगळीकडे नाही, काही ठिकाणी साधं वचनच ठेवलंय. अभिवचन घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे ते व्यासपीठावरच राहिलं. आश्वासन घेतलं नाही हे मात्र नशीब, निवडणुकीनंतर त्या शब्दाचं काय होतं ते आपण बघतोच.

त्यात अजून करार. मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला गेला (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे), आणि करार म्हटलं की आपल्याला भाडेकरार, स्टँपपेपर, दोन्ही बाजूंच्या सह्या हेच आठवतं. मूळ ग्रीक शब्दात मृत्युपत्राचाही अर्थ आहे, इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात तोच धरून युक्तिवाद केलाय. मृत्युपत्रात वारसाची सही लागत नाही. हा फरक मराठीत हरवतोच.

आणि नवस. नवसात माणूस देवाला शब्द देतो, मूल होऊ दे, मग मी अमुक करीन. बायबलमध्ये नवस आहेत, हन्नाचा आहे, इफ्ताहाचा तर भयंकर आहे, आणि वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) मेणाची घरं, मेणाचे हातपाय वाहणारी सगळ्या धर्मांची माणसं आजही दिसतात. अभिवचनात दिशा उलटी, आधी देव शब्द देतो आणि माणसाने फक्त तो खरा मानायचा. ऐकायला सोपं आहे पण नवसाची सवय इतकी खोल की आपण अभिवचनाचाही नवस करून टाकतो, एवढे उपास केले, आता वचन पूर्ण कर. आपल्या डोक्यात वचन म्हणजे दशरथाचं, दिलं की जीव गेला तरी सुटका नाही. मग वचन "क्लेम" करणाऱ्यांना, म्हणजे ते देवाकडे हक्काने मागणाऱ्यांना, मला नेहमी सांगावंसं वाटतं की कैकेयीनेपण क्लेमच केला होता.

बायबलमधला इतिहास सगळ्यांना माहीत आहे, अब्राहाम, त्याची बायको सारा, देवाने कबूल केलेल्या मुलासाठी पंचवीस वर्षांची वाट, ते परत सांगत नाही. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवाशाने विश्वास म्हणजे वचनाला धरून राहणं हे मध्यभागी आणलं, तेही उपदेशांतून ऐकलेलंच असतं.

चिठ्ठीची गोष्ट मात्र जर्मनीतल्या हाले शहराच्या आसपास सुरू होते. तिथल्या भक्तिवादी (पाएटिस्ट) प्रॉटेस्टंट मंडळींनी १७ व्या शतकाच्या शेवटी मोठं अनाथालय उभारलं, १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी त्यांचेच, आणि त्याच वर्तुळातल्या एकाने १७१८ मध्ये रोजच्या वचनांचं छोटं पुस्तक काढलं. १७२८ पासून जर्मनीतल्याच हेर्नहुट गावच्या ख्रिस्ती मंडळीत रोज एक वचन घरोघरी सांगितलं जाऊ लागलं, १७३१ पासून ते वर्षभराचं पुस्तक म्हणून छापलं जातंय, आणि त्यातली जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या टाकूनच काढतात. म्हणजे ताटलीचं मूळ तिथे.

हालेचंच अनाथालय डोळ्यांपुढे ठेवून जॉर्ज म्युलर या प्रशियन माणसाने १८३६ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथालय काढलं, आणि नियम असा की पैशासाठी माणसाकडे तोंड उघडायचं नाही, फक्त देवाला वचनाची आठवण द्यायची. टीकाही झाली, की दरवर्षी छापील अहवाल वाटता, तेही एक प्रकारे मागणंच की. म्हणून एका वर्षी त्याने तंगी असताना मुद्दाम अहवाल लांबवला.

म्युलरचं चरित्र वाचून भारावलेल्यांपैकी एक आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. त्याआधी घरातलं होतं नव्हतं ते तीर्थयात्रा, दान, अनुष्ठानं यांत संपलं होतं, देव प्रसन्न होईल म्हणून. नवसाची बाजू इतक्या जवळून बघितलेल्या बाईने पुढे अभिवचनाची बाजू धरली, याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. बॉस्टनच्या एका संस्थेने १८८७ मध्ये त्यांच्या विधवांच्या शाळेचा दहा वर्षं खर्च द्यायची हमी घेतली होती. ती संपत आली त्याच सुमाराला, १८९६-९७ च्या दुष्काळात, बाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या, आणि १९०० च्या सुमाराला त्यांच्या केडगावच्या आश्रमात जवळजवळ दोन हजार जण जेवत होते. आता भक्त मंडळी सांगतात की सगळं निव्वळ विश्वासावर चाललं, आणि टीकाकार सांगतात की अमेरिकेत लगेच नवी संस्था उभी राहिली, पत्रकं जात होती. दोन्ही खरं आहे, पण विहिरी खोदणं, शेती, विणकाम, छापखाना हे पण खरं आहे, आणि वचनावर विसंबणाऱ्या बाईने एक दिवस हातावर हात ठेवलेला नाही. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीतलं बायबल तिथल्याच मुलींनी छापलं, १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी.

क्लेमची भाषा वेगळ्या वाटेने आली. लंडनच्या एका बॅप्टिस्ट उपदेशकाने १८८८ मध्ये वचनाला चेकची उपमा दिली, सही करा आणि बँकेत सादर करा. त्याचा भर बँकेवर, म्हणजे देवावर होता, पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत भर खातेदारावर, म्हणजे मागणाऱ्यावर गेला, तोंडाने बोला आणि मिळवा, आणि टीव्हीवरून ते आपल्याकडे आलं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या एका शिक्षकाने तर बायबलमधली वचनं मोजली, एकूण ८,८१०, त्यात देवाने माणसाला दिलेली ७,४८७. बाकीची माणसांची एकमेकांना वगैरे, काही सैतानाचीही.

आमच्या फ्रिजवर सध्या यिर्मया २९:११ आहे, "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." हे बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आदल्याच ओळीत सत्तर वर्षं थांबा असं लिहिलंय, म्हणजे ऐकणाऱ्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. चिठ्ठीत "तुमच्याविषयी" आहे आणि आपण ते "माझ्याविषयी" असं वाचतो. इंग्रजीवाल्यांची चूक समजू शकतो, तू आणि तुम्ही दोन्हीला त्यांचा एकच शब्द, you. पण मराठी बायबलमध्ये देव एकट्या माणसाला अहोजाहो करत नाही, अब्राहामालाही तूच म्हणतो. तुम्ही म्हटलं की तिथे सगळा जमाव उभा आहे.