रुग्णालयातील डॉक्टरांची अर्हता व कार्याधिकार

रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण, कायदेशीर नोंदणी, विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र, पूर्वानुभव आणि त्या रुग्णालयाने ठरवून दिलेली उपचारांची कक्षा यांचा समावेश त्याच्या व्यावसायिक अर्हतेत होतो. रुग्णाच्या नजरेस बहुधा नावापुढची आद्याक्षरे तेवढी पडतात. परंतु पदवी, नोंदणी आणि कार्याधिकार या तीन वेगळ्या गोष्टी असून त्या देणाऱ्या संस्थाही वेगळ्या असतात. पदवी विद्यापीठ देते आणि ती आयुष्यभर टिकते. नोंदणी वैद्यक परिषद करते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती निलंबित किंवा रद्द होऊ शकते. रुग्णालयातील मंडळी ज्याला ‘प्रिव्हिलेज’ म्हणतात तो कार्याधिकार मात्र ज्या त्या रुग्णालयाचा असतो आणि दुसऱ्या रुग्णालयात तो लागू पडत नाही. या तिघांत लोकांना सर्वांत कमी माहीत असलेली आणि रुग्णाच्या सुरक्षिततेशी सर्वांत जवळून निगडित असलेली गोष्ट हीच होय.

उपचार करू पाहणाऱ्याची आधी परीक्षा घ्यावी, ही कल्पना जुनी आहे. इ. स. 931 मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्यावर बगदादचा खलीफा अल्-मुक्तदिर याने सिनान इब्न साबित याच्याकडे शहरातील वैद्यांची परीक्षा सोपवल्याचे इतिहासग्रंथ सांगतात. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या कायद्यांनी तीन वर्षे तर्कशास्त्र, पाच वर्षे वैद्यक आणि त्यानंतर एक वर्ष अनुभवी वैद्याच्या हाताखाली काम, असा क्रम घालून दिला. आजच्या इंटर्नशिपशी त्याचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन होऊन पात्र डॉक्टरांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. भारतात 1933 च्या कायद्याने अखिल भारतीय वैद्यक परिषद आली आणि 2020 मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली.

नोंदणीमुळे तोतयांना काही प्रमाणात पायबंद बसला, तरी रुग्णालयाच्या आत कोण काय करतो हा प्रश्न तसाच राहिला. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुग्णालयांसाठी एक किमान मानक आखले. डॉक्टरांचा संघटित वर्ग असावा, त्यांची पात्रता व चारित्र्य पारखलेले असावे, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जाव्यात आणि रुग्ण पाठवण्याच्या मोबदल्यात होणारी फीची आपसांतील वाटणी बंद व्हावी, अशा त्यातील अटी होत्या. 1918 मध्ये 100 किंवा अधिक खाटांची 692 रुग्णालये तपासली असता त्यांपैकी केवळ 89 या कसोटीला उतरली. यात नामांकित रुग्णालयेही नापास झाल्याने, यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती जाळून टाकण्यात आली.

सध्याच्या पद्धतीत अर्जदाराने दिलेल्या झेरॉक्स प्रतींवर विसंबून राहणे चालत नाही. रुग्णालयाचे कार्यालय पदवीबद्दल विद्यापीठाकडे, नोंदणीबद्दल परिषदेकडे आणि अनुभवाबद्दल आधीच्या रुग्णालयाकडे थेट विचारणा करते. बरोबर काम केलेल्या डॉक्टरांचे अभिप्रायही मागवले जातात. नोकरीच्या तपशिलात काही महिन्यांची पोकळी दिसली तर तिचे स्पष्टीकरण घेतले जाते, कारण निलंबनाचा काळ अशाच ठिकाणी दडवलेला असू शकतो. या पडताळणीला क्रेडेन्शियलिंग म्हणतात. त्यानंतरचा टप्पा कार्याधिकाराचा. त्याच्या अर्जात प्रक्रियांची लांबलचक यादी असते : छातीतून पाणी काढणे, मध्यवर्ती शिरेत नळी घालणे, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण सांभाळणे, एंडोस्कोपी करणे. प्रत्येकीसमोर अर्जदार हव्या त्या अधिकाराची खूण करतो व अलीकडे ती किती वेळा केली हे लिहितो. विभागप्रमुख ती मान्य करतो, नाकारतो किंवा ‘देखरेखीखाली’ असा शेरा मारतो. त्यामुळे एकच पदवी असलेल्या, शेजारशेजारच्या खोल्यांत बसणाऱ्या दोन फिजिशियनांपैकी एकाला एंडोस्कोपीची मुभा असते, दुसऱ्याला नसते. यात दुसऱ्याचा काही कमीपणा आहे असे मानण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेला कायद्याचे बळ मिळाले ते अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली दिलेल्या एका निकालाने. पाय मोडलेल्या एका तरुण खेळाडूला प्लास्टर घालण्यात आले. पायाची बोटे सुजून काळी पडू लागली, तरी परिचारिकांनी रक्ताभिसरण पुरेसे तपासले नाही व तज्ज्ञाचा सल्लाही घेतला गेला नाही, आणि अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. डॉक्टरची चूक ही डॉक्टरपुरती, हा रुग्णालयाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. पुढे 1980 च्या दशकाअखेर दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पद्धत झपाट्याने पसरली, तेव्हा उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या अनेक सर्जनांनी ती अल्पकालीन कार्यशाळांत आत्मसात केली आणि पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले. सर्जनच्या पदवीवरून या नव्या तंत्रातील सराव कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणूनच नव्या तंत्रासाठी स्वतंत्र कार्याधिकार, आणि सुरुवातीच्या काही शस्त्रक्रिया जाणकाराच्या उपस्थितीत, हा दंडक पुढे रूढ झाला.

अर्हता कायमची नसते, हे नियामकांनी उशिरा मान्य केले. अमेरिकेतील अंतर्गत वैद्यकाच्या (इंटर्नल मेडिसिन, म्हणजे प्रौढांच्या शस्त्रक्रियेविना उपचारांची शाखा) प्रमाणन मंडळाने 1990 पासून आपली प्रमाणपत्रे 10 वर्षांच्या मुदतीची केली, तर ब्रिटनमध्ये 2012 च्या अखेरीस दर पाच वर्षांनी फेरप्रमाणन सुरू झाले. केवळ व्याख्यानांना हजेरी लावून गुण जमवण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे; तिच्यातून हजेरीपलीकडे फारसे काही सिद्ध होते, असे म्हणणे कठीण आहे.

डॉक्टर पूर्णवेळ आहे की व्हिजिटिंग, त्याला स्वतःच्या नावावर रुग्ण दाखल करता येतो की केवळ सल्ला देता येतो, आणि रात्रपाळीला त्याच्या रुग्णांची जबाबदारी कोणावर, हे तपशीलही नेमणुकीच्या वेळीच ठरतात. रुग्णाचा जीव धोक्यात असून पात्र सहकारी वेळेत पोहोचणे शक्य नसेल, तेव्हा हजर असलेल्या डॉक्टरने आपल्या कार्याधिकाराबाहेरचा, परंतु नोंदणीच्या मर्यादेतला उपचार करण्यास बहुतेक रुग्णालयांचे नियम मोकळीक देतात. मात्र कोणत्या परिस्थितीत तो निर्णय घेतला, हे त्याने रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवणे अपेक्षित असते.