अमेरिकेत कारखान्याच्या आवारातलं पावसाचं पाणी कायद्याच्या कक्षेत कसं आलं

1972 चा अमेरिकेचा स्वच्छ पाणी कायदा झाला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता नदीत सांडपाणी सोडणारा पाइप. पाइप दिसतो, तो कुणाचा हे कळतं, तोंडाशी बाटली धरली की नमुना मिळतो. भंगाराच्या ढिगावरून, डिझेल भरण्याच्या जागेवरून, छपरावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी मागे पडलं. 1973 मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, पावसाच्या पाण्याच्या बऱ्याच स्वतंत्र गटारांना परवान्यातून सूटच दिली. इतके परवाने एकेक करून देणं शक्य नाही, असं तिचं म्हणणं होतं.

नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही संघटना कोर्टात गेली. कायद्यात नसलेली सूट ईपीएला देता येत नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं 1977 मध्ये दिला. संख्या मोठी असेल तर अनेकांना मिळून एक सर्वसाधारण परवाना काढता येईल, अशी वाटही दाखवली. आजची व्यवस्था याच वाटेनं चालते.

पुढे 28 ठिकाणी शहरांतल्या पावसाच्या पाण्याची पाहणी झाली. 1983 च्या तिच्या अहवालात तांबं, शिसं आणि जस्त ठळकपणे दिसले. 1987 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा दुरुस्त केला, 16 नोव्हेंबर 1990 ला 11 प्रकारच्या उद्योगांसाठी नियम निघाले आणि 1995 मध्ये 29 क्षेत्रांचा एकत्रित परवाना आला. बहुतेक राज्यं आता स्वतःचे परवाने देतात. ईपीएचा परवाना मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर अशा मोजक्या ठिकाणी चालतो.

परवान्याचा जीव आहे तो प्रदूषण रोखण्याच्या लेखी आराखड्यात. उतार कुठे, गटारांच्या जाळ्या कुठे, काय उघड्यावर ठेवलंय, पाणी आवाराबाहेर कुठून पडतं, हे सगळं नकाशावर हवं. जुन्या नकाशावर नवी जाळी राहून जाते आणि नमुना भलत्याच ठिकाणी घेतला जातो. शेजारच्या आवारातलं पाणी मिसळल्यानंतर घेतलेला नमुना तर कुणाचंच नीट सांगत नाही.

दर तिमाहीला पाणी वाहू लागल्यापासून 30 मिनिटांच्या आत पारदर्शक बाटलीत नमुना घ्यायचा. आधीच्या पावसाला किमान 72 तास झालेले हवेत. रंग, वास, गढूळपणा, फेस, तेलाचा तवंग बघायचा. ही अर्धा तासाची अट अगदी योग्य आहे, कारण साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीतच धुऊन निघतं.

प्रयोगशाळेतल्या तपासण्या क्षेत्रानुसार ठरतात. ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी तरंगत्या घनकणांचा, म्हणजे टीएसएसचा, इशाऱ्याचा आकडा लिटरला 100 मिलिग्रॅम. तो ओलांडला म्हणून परवान्याचा भंग होत नाही. ओलांडल्यावर ठरलेली पावलं न उचलणं हा भंग. 2021 च्या परवान्यात चार तिमाह्यांची सरासरी धरतात, पण पहिल्याच नमुन्यात 420 आले तर सरासरी 100 च्या खाली येणं शक्यच नाही, म्हणून कारवाई तिथूनच सुरू होते. पहिल्या टप्प्यात आराखडा तपासून सुधारणा करायला साधारण 14 दिवस मिळतात.

जस्ताचा आकडा वाढला की लोक आधी यंत्रांकडे बघतात. बरेचदा ते येतं डोक्यावरच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून आणि वाहनांच्या टायरच्या झिजेतून. अंगण कितीही झाडलं तरी पत्रा तसाच राहतो. त्याला लेप द्यावा लागतो किंवा पन्हळीचं पाणी गाळून सोडावं लागतं.

सगळं छपराखाली असेल तर परवान्याची गरज नाही, ही सूट हलक्या उद्योगांना 1990 पासून होती. पण ती कारखान्याच्या स्वतःच्याच शब्दावर चालायची, म्हणून 1992 मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानं ती नाकारली. 1999 च्या नियमांत ती जवळपास सर्वच उद्योगांना खुली झाली, पण दर पाच वर्षांनी लेखी प्रमाणपत्र देण्याच्या अटीवर. गळक्या झडपेचं एक पिंप बाहेर राहिलं तरी ती सूट टिकत नाही, परवाना घ्यावाच लागतो.